न्हाणीघराचे नूतनीकरण : जलबंध आणि वायुनळी यांची जपणूक

महाराष्ट्रातील घरांच्या रचनेत गेल्या काही दशकांत जो बदल झाला, त्याचे प्रत्यंतर न्हाणीघरात विशेष येते. चुलाण्यावर तापविलेले पाणी, तांब्याचे घंगाळ आणि पाथरवटाने घडविलेल्या दगडाची मोरी यांच्या जागी आता गुळगुळीत फरशा, शॉवर, काचेचा आडोसा आणि भिंतीत दडविलेले नळ आले आहेत. शहरांतील जुन्या सदनिकांत वीस-पंचवीस वर्षांनी न्हाणीघर उखडून नव्याने बांधण्याचा प्रघात पडला आहे. ग्रामीण भागातही नळाचे पाणी घरात आल्यापासून परसातील मोरीचे बंदिस्त न्हाणीघरात रूपांतर होत आहे.

या कामात घरमालकाचे लक्ष स्वाभाविकपणे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंकडे असते. फरशीचा रंग, शॉवरची ठेवण आणि दिव्याची जागा यांची चर्चा होते. फरशीखालून जाणाऱ्या नळ्यांचा निर्णय मात्र बहुधा कामाच्या दिवशी, गवंडी आणि नळ कारागीर यांच्या आपसांतील बोलण्यात होऊन जातो. वस्तुतः न्हाणीघराचे आरोग्य या अदृश्य भागावरच अवलंबून असते. फरशी बिघडली तर ती बदलता येते. परंतु फरशीखालची चूक दुरुस्त करावयाची तर सर्व काम पुन्हा फोडावे लागते. ही चूक ध्यानात येईपर्यंत तिचा उपद्रव घरातील आणि खालच्या मजल्यावरील माणसांना सोसावा लागतो, हे निराळेच.

जलबंध म्हणजे काय?

सांडपाणी वाहून नेणारी प्रत्येक नळी दोन्ही बाजूंनी वाट देते. पाणी जसे घरातून गटाराकडे जाते, तशीच गटारातील दूषित हवा, झुरळे आणि डास उलट दिशेने घराकडे येऊ शकतात. त्यांना अटकाव करण्यासाठी नळीच्या आरंभी एक वळण दिलेले असते. या वळणात थोडे पाणी नेहमी साचून राहते. हे पाणी म्हणजेच जलबंध. नव्याने आलेले पाणी जुन्या पाण्याला पुढे ढकलते व स्वतः त्याची जागा घेते. त्यामुळे पाण्याला वाट मिळते. हवेला मिळत नाही. कोणतेही यंत्र, झडप किंवा वीज न वापरता अहोरात्र काम करणारी इतकी साधी व्यवस्था विरळाच.

लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये शौचकुपासाठी अशा वाकड्या नळीचे एकस्व घेतले. अडीचशे वर्षांनंतरही या तत्त्वाला समर्थ पर्याय मिळालेला नाही. न्हाणीघराच्या जमिनीत बसविल्या जाणाऱ्या जलबंधाला आपल्याकडे ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हे नाव ‘न्हाणी’ या घरगुती शब्दापासून आलेले असून भारतातील अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही ते तसेच रूढ झाले आहे. चांगल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याची रोधक खोली किमान ५० मिलिमीटर असावी लागते. घर आणि गटार यांच्यामध्ये उभा असलेला खरा पहारेकरी म्हणजे हे दोन इंच पाणी होय.

जुन्या बिडाच्या नहाणीत जाळीखाली एक उपडी वाटी बसविलेली असते. तिचा काठ पाण्यात बुडालेला असल्याने हवा अडते. केस आणि साबणाचा गाळ साचून पाणी तुंबले की ही वाटी काढून ठेवली जाते आणि पुष्कळ घरांत ती परत बसविलीच जात नाही. पाणी झटकन जाऊ लागते. परंतु त्याच क्षणापासून घर गटाराला उघडे होते. बाजारात झुरळे अडविणाऱ्या जाळ्या मिळतात. त्यांतील पाण्याची खोली बहुधा फारच थोडी असते. अशी जाळी जलबंधाला साहाय्यक ठरू शकेल. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

जलबंध कसा तुटतो?

जलबंधातील पाणी चार मुख्य कारणांनी नाहीसे होते. पहिले कारण बाष्पीभवन. न्हाणीघर बरेच दिवस वापरात नसेल, तर विशेषतः उन्हाळ्यात हे पाणी हळूहळू आटते. दुसरे कारण स्वशोषण. भरलेली बादली एकदम उपडी केली असता पाण्याचा भरगच्च लोट नळी पूर्ण भरून धावतो आणि आपल्यामागे जलबंधातील पाणीही ओढून नेतो. नळी अरुंद, लांब किंवा अति उताराची असेल तर हा प्रकार अधिक संभवतो. तिसरे कारण दुसऱ्याच्या वापरामुळे होणारे शोषण. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोट उभ्या नळीतून खाली येताना तो आपल्यामागे हवेचा दाब कमी करतो आणि वाटेतील सर्व शाखांतील जलबंधांना ओढ बसते. चौथे कारण याच्या उलट आहे. तोच लोट इमारतीच्या तळाशी वळणावर आदळतो, तेव्हा त्याच्या पुढील हवा दाबली जाते व खालच्या मजल्यावरील जलबंधांतून बुडबुडे किंवा पाणी वर उसळते.

हे सर्व किती अल्प दाबाने घडू शकते, हे पाहण्यासारखे आहे. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. जलबंधाची खोली आहे ५० मिलिमीटर. अर्थात, नळीतील हवेचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा केवळ दोनशेव्या हिश्श्याने कमी झाला, तरी जलबंध तुटण्याच्या बेतास येतो. पाणी गेल्यावर जाळीतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो, तो या झटापटीचाच आवाज होय. पुष्कळ घरांत तो नेहमीचा म्हणून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात तो नळीची तक्रार सांगत असतो.

वायुनळीचे कार्य

या दोषावरील उपाय एकच : नळीला मोकळी हवा मिळाली पाहिजे. त्यासाठी सांडपाण्याची उभी नळी छतापाशी बंद न करता गच्चीच्या वर उघडी ठेवली जाते. उंच इमारतींत तिच्या शेजारी वेगळी वायुनळी उभारून ठिकठिकाणी जोड दिले जातात. काही इमारतींत प्रत्येक जलबंधाच्या पुढील भागातून लहान व्यासाची एक नळी निघून या वायुनळीला मिळते. तिला कारागीर ‘अँटीसायफन पाइप’ म्हणतात. पाण्याचा लोट खाली जाताना जी हवा ओढली जाते ती या वाटेने वरून येते. जी दाबली जाते ती याच वाटेने निघून जाते. जलबंध जागचा हलत नाही. शिवाय गटारातील वायू छतावरून उंच हवेत विरून जातात.

नूतनीकरणाच्या वेळी सर्वांत मोठा घात येथेच होतो. फरशी फोडल्यावर कोपऱ्यात एक कोरडी नळी आढळते. तिच्यातून पाणी येत नाही आणि ती कोणत्याही नळाला जोडलेली दिसत नाही. ती निरुपयोगी आहे असे समजून ती कापली जाते आणि तोंडात सिमेंट भरले जाते. कधी न्हाणीघर थोडे मोठे करण्यासाठी डक्टमधील वायुनळी हलविली जाते. कधी गच्चीवर पत्र्याची शेड घालताना किंवा पाण्याची टाकी बसविताना तिचे तोंड बुजविले जाते. पाणी न वाहणारी नळी निरुपयोगी नसते, ही एकच गोष्ट कारागिराच्या आणि घरमालकाच्या मनावर ठसली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल. एका सदनिकेत कापलेली वायुनळी वरच्या व खालच्या अनेक घरांचे जलबंध दुबळे करते. म्हणून ती कोणा एका घराची मालमत्ता नसून सर्व इमारतीची सामाईक व्यवस्था होय.

गच्चीवरील तोंडाविषयीही काळजी आवश्यक आहे. जेथे माणसांची ये-जा असते अशा गच्चीवर ते सुमारे दोन मीटर उंच असावे आणि जवळपासच्या खिडक्यांपासून दूर व त्यांहून उंच असावे. तोंडावर जाळी असावी. टोपण घालून ते बंद करू नये. ज्या ठिकाणी वायुनळी छतापर्यंत नेणे शक्य नाही, तेथे आत येणाऱ्या हवेलाच वाट देणारी एकदिशा झडप बसविण्याची सोय आता उपलब्ध आहे. मात्र ती दाबलेल्या हवेला बाहेर सोडत नाही. त्यामुळे सर्व इमारतीच्या मुख्य वायुनळीचा पर्याय म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही.

हाँगकाँगचा धडा

जलबंध सुकणे ही केवळ दुर्गंधीची बाब नाही, हे २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत जगाला दिसून आले. सार्स या श्वसनरोगाची साथ त्या वेळी पसरली होती. १४ आणि १९ मार्च २००३ रोजी एक रुग्ण या वसाहतीच्या ‘ई’ इमारतीत येऊन गेला. त्याला अतिसाराचाही त्रास होता. १५ एप्रिलपर्यंत वसाहतीतील रुग्णांची संख्या ३२१ झाली. त्यांत ‘ई’ इमारतीतील रहिवाशांचे प्रमाण सर्वाधिक होते. एकमेकांना न भेटलेली आणि एकावर एक असलेल्या सदनिकांत राहणारी माणसे आजारी पडली होती.

तेथील आरोग्य विभागाने केलेल्या तपासणीत न्हाणीघरांकडे लक्ष गेले. बहुतेक कुटुंबे न्हाणीघराची जमीन पाण्याने न धुता पुसून घेत असत. साहजिकच जमिनीतील जलबंधांना पाणी मिळत नव्हते आणि ते कोरडे पडले होते. दार लावून हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू केला की खोलीतील दाब कमी होई आणि मलनळीतील दूषित तुषार कोरड्या जलबंधातून खोलीत ओढले जात. चौथ्या मजल्यावरील एका न्हाणीघरात वायुनळीला तडा गेल्याचेही आढळले. अनेक कारणांच्या एकत्र येण्याने ही आपत्ती घडली असली, तरी तिच्यातून निघालेला उपाय अगदी साधा होता : जमिनीतील जाळीत नियमितपणे पाणी ओतावे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या घटनेला विशेष अर्थ आहे. पूर्वीच्या न्हाणीत रोज बादल्यांनी पाणी सांडत असल्याने जलबंध कधी कोरडा पडत नसे. नव्या पद्धतीत शॉवरसाठी काचेचा आडोसा करून न्हाणीघराचा उरलेला भाग कोरडा ठेवला जातो. त्या कोरड्या भागातील जाळीला महिनोन् महिने पाणी मिळत नाही. अशा ठिकाणी हात धुण्याच्या भांड्याचे पाणी त्याच जलबंधातून जाईल अशी जोडणी केल्यास तो आपोआप भरलेला राहतो. ते शक्य नसेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याची सवय लावावी.

पंख्याबाबतही दक्षता हवी. दाराखाली किंवा दारात हवा आत येण्यास फट नसेल, तर पंखा मिळेल त्या मार्गाने हवा ओढतो आणि तो मार्ग जलबंधाचा असू शकतो. येथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. वायुनळी ही नळ्यांच्या आतील हवेसाठी असते. खोलीतील हवा शुद्ध ठेवण्याचे काम ती करीत नाही. बंद न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर बसविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साचून मृत्यू ओढवू शकतो. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असला पाहिजे.

फोडण्यापूर्वीची ओळख

जुने न्हाणीघर फोडण्यापूर्वी त्याच्या नळ्यांची ओळख करून घेणे, हा कामाचा पहिला टप्पा होय. जुन्या इमारतींत बहुधा दोन नळ्यांची पद्धत आढळते. शौचकुपाची मलनळी थेट चेंबरकडे जाते, तर न्हाणी व स्वयंपाकघर यांची सांडपाणी नळी तळाशी असलेल्या गल्ली ट्रॅपमधून पुढे जाते. नवीन इमारतींत दोन्ही प्रकारचे पाणी एकाच उभ्या नळीत घेण्याची पद्धतही आहे. परंतु तेथे जलबंधांची खोली आणि हवेची सोय यांविषयीचे नियम अधिक कडक असतात. जुन्या इमारतीत केवळ जवळ पडते म्हणून न्हाणीचे पाणी मलनळीला जोडणे धोक्याचे आहे. त्या नळीची रचना त्या हिशेबाने केलेली नसते.

त्याहून गंभीर चूक म्हणजे सांडपाणी पावसाच्या पाण्याच्या नळीत सोडणे. हे पाणी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि तेथून नदीत जाते. मुसळधार पावसात तीच नळी भरली की पाणी उलट न्हाणीघरात चढते. नगरपालिकांनी व महानगरपालिकांनी इमारतींची पाहणी करताना या जोडण्यांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदाने काम सुरू करण्यापूर्वी संस्थेला लेखी कळवून परवानगी घ्यावी. सोबत नळ्यांचा साधा आराखडा जोडावा : कोणती नळी राहणार, कोणती बदलणार आणि वायुनळीचा जोड कोठे आहे. खालच्या मजल्यावरील छतातून पाणी गळू लागल्यावर होणारा वाद टाळण्यासही अशा कागदाचा उपयोग होतो. नळ्यांविषयीचे शास्त्रीय निकष २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या नवव्या भागात दिलेले आहेत. स्थानिक प्राधिकरणाचे नियम त्यासोबत पाहणे आवश्यक असते.

व्यास, उतार आणि अंतर

शॉवरची जागा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेणे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात त्यामुळे आडव्या नळीची लांबी वाढते आणि तिला उतार देण्यासाठी खोली लागते. लहान व्यासाच्या आडव्या नळीला चाळीस मीटरला एक मीटर, म्हणजे १:४० हा उतार सर्वमान्य आहे. या हिशेबाने दोन मीटर लांब नळीला ५० मिलिमीटर आणि तीन मीटर लांब नळीला ७५ मिलिमीटर उतार द्यावा लागतो. सदनिकांत न्हाणीघराखालची स्लॅब मुद्दाम खाली घेतलेली असते. तिला ‘संकन’ म्हणतात. त्या खोलीत जलबंध, नळीचा व्यास, हा उतार, जलरोधक थर आणि फरशी ही सर्व मावली पाहिजेत. मावत नसतील, तर शॉवरची जागा बदलण्याचा विचार सोडून द्यावा. न्हाणीघराची जमीन उंच करून किंवा उतार कमी करून साधलेली तडजोड पुढे तुंबलेल्या पाण्याच्या रूपाने वसूल होते.

अधिक उतार म्हणजे अधिक चांगला निचरा, असाही समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. फार तीव्र उतारावर पाणी वेगाने पुढे निघून जाते, गाळ मागे राहतो आणि जलबंधावर ओढ अधिक बसते. न्हाणीघराच्या नहाणीसाठी साधारणतः ७५ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. प्रवाहाच्या दिशेने नळीचा व्यास कोठेही कमी करू नये. दोन नळ्या काटकोनात न जोडता तिरप्या जोडाने जोडाव्यात. वळणाच्या ठिकाणी उघडता येणारे दार असलेला जोड घालावा आणि तो फरशीखाली कायमचा गाडू नये. जुनी बिडाची नळी व नवीन पीव्हीसी नळी यांचा सांधा केवळ सिमेंटने भरल्यास काही काळात तडकतो. त्यासाठी योग्य जोडतुकडा व रबरी कडे वापरावे.

एकाच मार्गावर एकामागून एक दोन जलबंध बसविल्यास त्यांच्यामध्ये हवा कोंडते आणि पाणी संथ होते. मधल्या भागातील हवेला जाळीतून किंवा वायुनळीतून वाट असेल तरच अशी रचना चालते. कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी न्हाणीत सोडावयाचे असल्यास आणखी विचार हवा. यंत्रातील पंप पाणी जोराने फेकतो व फेस नळीतील हवेची वाट अडवितो. त्यामुळे त्याची जोडणी पुरेशा व्यासाच्या व हवा खेळत्या असलेल्या शाखेतच करावी.

झाकण्यापूर्वीची परीक्षा

फरशी बसविण्यापूर्वी तीन परीक्षा घेतल्यास पुढील अनेक कटकटी वाचतात. पहिली, नळ्यांची. शाखेचे खालचे तोंड तात्पुरते बंद करून नळी पाण्याने भरावी आणि सर्व सांधे कोरडे राहतात काय, हे पाहावे. दुसरी, जलरोधक थराची. नहाणीचे तोंड बंद करून न्हाणीघरात काही सेंटिमीटर पाणी साधारण ४८ तास साठवावे व खालच्या मजल्यावर ओल येते काय, हे तपासावे. तिसरी परीक्षा जलबंधाची असून ती बहुधा कोणीच घेत नाही. स्वच्छ काडी जलबंधात बुडवून पाण्याची खोली मोजावी. त्यानंतर त्याच न्हाणीत भरलेली बादली एकदम ओतावी आणि शक्य असल्यास वरच्या मजल्यावरही तसेच करावयास सांगावे. पुन्हा काडी बुडवून पाहावी. किमान निम्मे पाणी शिल्लक राहिले नाही, तर हवेची सोय अपुरी आहे असे समजावे. एका काडीने होणारी ही तपासणी पुढे हजारो रुपयांचा खर्च वाचवू शकते.

पुढील वापरात नळी तुंबल्यास प्रथम जाळी व वाटी काढून साफ करावी. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये. त्यांच्या संयोगाने क्लोरीन हा घातक वायू निर्माण होतो.

ग्रामीण घरांतील न्हाणी

खेड्यांतील परिस्थिती निराळी असली तरी तत्त्व तेच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. घरात आलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. त्याची व्यवस्था केली नाही, तर नळ आला त्याच अंगणात डबके होते. मिनिटाला दहा लिटर पाणी देणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे स्नान केले तरी ८० लिटर पाणी खर्च होते. ही गोष्ट शॉवर बसविण्यापूर्वीच विचारात घ्यावयास हवी.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात न्हाणीचे पाणी सोडू नये. ते खड्डे मर्यादित पाण्यासाठी असतात; जादा पाण्याने ते भरून जातात व त्यांतील खत होण्याची क्रिया बिघडते. अशा शौचालयाला वायुनळीचीही गरज नसते, कारण वायू भोवतालच्या मातीत शोषले जातात. न्हाणीच्या पाण्यासाठी गाळ अडविणारे लहान चेंबर व वेगळा शोषखड्डा किंवा परसबाग ही योग्य व्यवस्था होय. काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून तेथे परसबागेचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो. शोषखड्ड्याला जोडलेल्या न्हाणीतही जलबंध असावाच.

सेप्टिक टाकीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू सतत निर्माण होतात व त्यांना बाहेर पडण्यास वायुनळी अनिवार्य असते. भारतीय मानकानुसार या नळीचा व्यास किमान ५० मिलिमीटर असावा. टाकी घरापासून १५ मीटर किंवा अधिक दूर असल्यास नळीची उंची सुमारे दोन मीटर पुरते. त्याहून जवळ असल्यास ती घराच्या माथ्यावर दोन मीटर न्यावी लागते. तिच्या तोंडावर बारीक जाळी बसविणे हे डासप्रतिबंधाचे अत्यंत स्वस्त व परिणामकारक साधन आहे. क्युलेक्स जातीचे डास टाकीतील पाण्यात वाढतात आणि उघड्या वायुनळीतून बाहेर येतात. हत्तीरोगाचा प्रसार याच डासांमार्फत होतो. फाटलेली जाळी वेळच्या वेळी बदलणे हे कामही ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेच्या यादीत असावयास हवे.

नळी तुंबली म्हणून कोणालाही सेप्टिक टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरविणे हा जिवाशी खेळ आहे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते आणि माणसाला धोका कळण्यापूर्वीच तो कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी उतरणारा दुसराही बळी पडतो. २०१३ च्या कायद्याने गटारांची व सेप्टिक टाक्यांची अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. हे काम यंत्राने, टाकीबाहेर राहूनच व्हावयास हवे. आरंभी योग्य उतार, योग्य जोड आणि साफसफाईची दारे ठेवणे, हाच असे प्रसंग टाळण्याचा मार्ग होय.

शाळेत करता येण्यासारखा प्रयोग

वायुनळीचे कार्य विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत दाखविता येते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकवून फळीवर बांधावी व शेजारी पट्टी लावावी. तीत रंगीत पाणी भरावे. एका तोंडाला तीन मार्गांचा छोटा जोड बसवून त्याच्या एका वाटेला सुई नसलेली पिचकारी जोडावी. तिसरी वाट उघडी ठेवावी. उघडी वाट बोटाने बंद करून पिचकारीचा दांडा ओढला, की पाणी एका बाजूला सरकते आणि शेवटी बुडबुडे येऊन जलबंध तुटतो. बोट काढून तोच दांडा हळूच ओढला, तर पाणी जवळजवळ हलत नाही, कारण हवा उघड्या वाटेने येते. ही उघडी वाट म्हणजेच वायुनळी. वातावरणाचा दाब हा पाठ्यपुस्तकातील विषय यामुळे विद्यार्थ्याच्या घरातील न्हाणीपर्यंत पोहोचतो आणि घरी गेल्यावर तो गच्चीवरील नळीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

सामाईक जबाबदारी

न्हाणीघर ही घरातील अत्यंत खाजगी जागा समजली जाते. तिच्या नळ्या मात्र खाजगी राहत नाहीत. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या नळीला, खाली चेंबरला आणि पुढे गावाच्या नाल्याला मिळतात. म्हणून एका घरातील चुकीचा परिणाम अनेकांना भोगावा लागतो आणि एका घरातील काळजीचा लाभही अनेकांना होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नळ कारागिरीचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना अशी कामे मिळावीत, गृहनिर्माण संस्थांनी परवानगी देताना वायुनळीविषयी आवर्जून विचारावे आणि ग्रामपंचायतींनी नवीन नळजोडणी देतानाच सांडपाण्याची वाट पाहावी, एवढे केले तरी बरेच साधेल. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. फरशी बसण्यापूर्वी एकदा खाली वाकून जलबंधातील पाणी पाहणे आणि गच्चीवर चढून वायुनळीचे तोंड मोकळे असल्याची खात्री करून घेणे, हे कोणत्याही घरमालकाला करता येण्यासारखे आहे.